अनुभव मागता, तो द्यायचा कुणी?

आजच्या या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक श्री. हरिभाऊ गुरुजी, आमच्या यात्रा कंपनीचे संस्थापक आणि गेली अठरा वर्षं माझे मालक असलेले श्री. चिंतामणराव, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, सांगली-मिरजेतून आणि पार इस्लामपूर-रहिमतपूरकडून एसटीचे धक्के खात आलेले आमचे जुने प्रवासी बंधू-भगिनी, कढई उतरवून दारापर्यंत आलेला आमचा आचारी बिराप्पा, आणि पहिल्या रांगेत पदर सावरत बसलेली, आजपर्यंत आमच्या एकाही यात्रेला न आलेली माझी मंडळी. सर्वांना या लालासाहेबाचा रामराम.

शाल घातलीत, नारळ दिलात, फेटा बांधलात. फेटा बांधणाऱ्यानं तो जरा कानावर ओढलाय, त्यामुळं मघापासून माझी झालेली स्तुती मला अर्धीच ऐकू आली. जेवढी ऐकू आली तेवढीही पेलवेना. जिवंत माणसाबद्दल इतकं चांगलं बोलायची आपल्याकडं पद्धत नाही, म्हणून मी अधूनमधून स्वतःला चिमटा काढून बघत होतो. आपलं प्रेम आहे, दुसरं काय म्हणू? हात जोडतो.

आता माझ्याकडून आभाराचे चार शब्द यावेत अशी अपेक्षा असणार. ते येतील. पण त्याआधी मला थोडं भांडायचं आहे. निरोपाच्या दिवशी कुणी भांडतं का, असं तुम्ही विचाराल. मग कधी भांडू? उद्यापासून मला ऑफिसात खुर्ची नाही.

माझ्याआधी जेवढे वक्ते बोलले, तेवढ्या सगळ्यांनी एक वाक्य न चुकता म्हटलं. लालासाहेब शिकले चौथीपर्यंत, पण भल्याभल्या पदवीधरांना जमणार नाही असं काम त्यांनी केलं. गुरुजी तर म्हणाले, पदवी भिंतीवर टांगायची असते, वेळेला कामी येतो तो अनुभव. केवढ्या टाळ्या पडल्या! छपराची कबुतरं उडाली. गुरुजी, तुम्ही वडीलधारे, तुमचा शब्द मी खाली पडू देत नाही. पण त्या टाळ्या पडत असताना मी त्या तिकडच्या दाराकडं बघत होतो. तिथं हार-गुच्छांचं ताट घेऊन आमची पद्मा उभी आहे. बी.ए. झालेली, दोन वर्षं माझ्या हाताखाली काम करणारी. तिनं ताट खुर्चीवर ठेवलं आणि तीही टाळ्या वाजवायला लागली. मला ते बघवलं नाही.

का बघवलं नाही, ते सगळ्यांना कळायला हवं म्हणून उघडच सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत आपली म्हैसूर-उटीची सहल निघते आहे. माझ्यानंतरची पहिली सहल. ती कोण नेणार? दोन वर्षं जिनं आरक्षणं केली, धर्मशाळा ठरवल्या, म्हाताऱ्यांची औषधं सांभाळली, तिनं न्यावी असं माझं म्हणणं. मालकांनी पेपरात जाहिरात दिलीय. 'यात्रा व्यवस्थापक पाहिजे. दहा वर्षांचा अनुभव आवश्यक.' आणि पद्मानं इथं ऑफिसात बसून तिकिटं फाडायची. आज इथं अनुभवाचा एवढा जयजयकार चाललाय तो माझ्यासाठी, असं मला सुरुवातीला वाटलं. नंतर ध्यानात आलं, की माझ्या गळ्यात हार पडतोय आणि त्याच वेळी त्या पोरीच्या तोंडावर दार बंद होतंय. माझं नाव त्या दाराला कडी म्हणून मी वापरू देणार नाही.

मालक, रागवू नका. तुम्हालाच साक्षीला बोलावतो. मी पलटणीतून सुटून रहिमतपूरला आलो. चार महिने शेतात काढले, भावाशी पटेना, म्हणून तुमच्या दारात आलो. तेव्हा तुमची कंपनी म्हणजे एक टेबल, एक बाकडं आणि भिंतीवर एक नकाशा. तुम्ही मला विचारलंत, "सुभेदार, यात्रा कधी नेलीय का?" मी म्हणालो, "यात्रा न्हाई, फौज न्हेलीय." तुम्ही हसलात आणि मला हंपी-विजापूरला धाडलंत.

त्या पहिल्या खेपेचं काय वर्णन करू? पहाटे चार वाजता मी पलटणीतली शिट्टी मारली आणि सगळ्यांना धर्मशाळेच्या अंगणात रांगेत उभं केलं. म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे. नंबर म्हणायला लावले. एक आजीबाई पुढं आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवं सुभेदार, आमी देव बघाय आलोय, कैदी म्हून न्हाई. च्या कुठं हाय?" चहाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. विजापुरात मी गोल घुमट दाखवला तो धावत, कारण माझ्या वेळापत्रकात त्याला पाऊण तासच होता. लोक परत आले ते माझ्यावर दात खात. तुमच्या टेबलासमोर तक्रारींची रांग लागली.

तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं? माझं गाठोडं बांधलेलंच होतं. तुम्ही म्हणालात, "सुभेदार, पुढच्या खेपेला जरा सबुरीनं घ्या."

पुढच्या खेपेला! मंडळी, माझा सगळा अनुभव त्या दोन शब्दांतून आला. मी काही तो पलटणीतून ट्रंकेत घालून आणला नव्हता. एका माणसानं पुढची खेप दिली, मग त्याच्या पुढची दिली, आणि शंभर लोकांनी माझ्या चुका पोटात घातल्या, तेव्हा कुठं आज हा फेटा डोक्यावर आला. अनुभव काही बाजारात पायलीनं मिळत नाही. तो दुसऱ्यानं द्यावा लागतो. आता जाहिरातीत तुम्ही दहा वर्षांचा अनुभव मागता. मागा. पण पद्माला पहिल्या वर्षाचा द्यायचा कुणी?

कुणी म्हणेल, सुभेदारांना पोरीचा लळा लागलाय म्हणून बोलतात. लळा लागलाय, खोटं कशाला बोलू? पण यंदाच्या मे महिन्यात मदुरेला काय घडलं ते ऐका आणि मग ठरवा. त्या खेपेतले बरेच जण इथं बसलेत. मी कुठं तिखटमीठ लावलं तर हात वर करा.

रामेश्वर करून आम्ही मदुरेला उतरलो आणि देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. संप करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, त्यांचंही पोट आहे. पण आमची गाडी गेली ती गेलीच. स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही. मी माझ्या नेहमीच्या धर्मशाळेकडं धावलो. तिथला मुनीम मला दहा वर्षांपासून ओळखतो. त्यानं मला बघितलं आणि लांबूनच हात जोडले. जिन्यावरसुद्धा माणसं निजली होती. दुसरी धर्मशाळा, तिसरी, तीच कथा. माझ्या फौजी हिंदीला त्या मुलखात कुणी हिंग लावून विचारीना. ऊन असं, की रस्त्यातलं डांबर चपलेला चिकटतंय. बरोबर माणसं कोण? वाळव्याकडचे आमचे ऊसवाले शेतकरी आणि त्यांच्या बायका, वाईची दोन म्हातारी जोडपी, मिरजेच्या एक मधुमेहाच्या बाई. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. अठरा वर्षांच्या अनुभवात असा संप मी कधी बघितला नव्हता. जे कधी घडलंच नाही त्याचा अनुभव कुठून आणू?

तेवढ्यात ही पद्मा मला विचारते, "सुभेदारकाका, इथं कॉलेज कुठंय?"

माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "पोरी, इथं डोकं टेकायला जागा न्हाई आन् तुला कालेज सुचतंय व्हय?"

ती म्हणाली, "काका, मे महिना आहे. मुलं सुट्टीला घरी गेली असतील. वसतिगृह रिकामं असणार."

आता मला सांगा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? कुठल्याच नाही. पण जिनं चार वर्षं वसतिगृहात काढली, मेमध्ये वळकटी बांधून खोलीला कुलूप लावलं, तिलाच ते सुचणार. आपण पदवी पदवी म्हणतो, तेव्हा आपल्याला तो कागद तेवढा दिसतो. त्या कागदामागं पोरीनं घालवलेली वर्षं असतात, तोही अनुभवच आहे की! फक्त तुमच्या-माझ्या वाट्याला तो आला नाही, म्हणून आपण त्याला भिंतीवर टांगतो.

तर ती गेली. वसतिगृहाचे प्रमुख म्हणजे एक उंच, करड्या मिशीचे प्राध्यापक. आधी नाहीच म्हणाले. पद्मा त्यांच्याशी इंग्रजीत बोलत राहिली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण ती हटली नाही एवढं कळलं. तीनदा त्यांनी मान आडवी हलवली, चौथ्यांदा किल्ल्या काढल्या. म्हणाले, प्रत्येक कुटुंबाला एक खोली, पण नवरा-बायकोची नावं लिहून द्या, म्हणजे मला वर जाब देता येईल.

आणि इथं पद्माची फजिती झाली. तीही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सुभेदार एकाच बाजूचं बोलतो. ती पडली शहरातली. वही घेऊन बायकांच्या रांगेसमोर बसली आणि पहिल्याच धोंडुबाईंना विचारलं, "मालकांचं नाव?" आता धोंडुबाई नवऱ्याचं नाव घेतील होय? त्यांनी पदर तोंडाला लावला. शेजारच्या शालूबाई मदतीला धावल्या, म्हणाल्या, "जोतिबा." पद्माला वाटलं, शालूबाई आपल्या मालकांचं नाव सांगतायत. लिहिलं. मग खात्रीसाठी शालूबाईंना पुन्हा विचारलं, तर त्यांच्यासाठी बोलली तिसरीच. "नाथाजी." तेही तिसरीच्या नावापुढं गेलं. अशी सगळी रांग एका घरानं पुढं सरकली. जिथनं सुरुवात झाली त्या धोंडुबाई तेवढ्या मागं राहिल्या, तर त्यांच्यापुढं रांगेतल्या शेवटच्या बाईचा नवरा लिहून टाकला.

प्राध्यापक महाशयांनी व्हरांड्यात उभं राहून खोल्या वाचायला सुरुवात केली. पहिलीच खोली. शालूबाई आणि श्री. जोतिबा. जोतिबा, हसू नका, तेव्हा तुमचा चेहरा मी बघितलाय. धोंडुबाई अशा उसळून उठल्या, की हातातली पिशवी पडून लिंबं गडगडत गेली. "आगं ए शाले! माझा दादला तुझ्या खोलीत कसा गं?" शालूबाई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "मला काय इचारतीस? त्या शिकल्याल्या बाईला इचार!" मीनाक्षीच्या गावात आमच्या वाळवा तालुक्याची अब्रू निघाली.

पद्मा कानापर्यंत लाल झाली. मी पुढं होणार होतो. अनुभवी ना मी! पण मग मला तुमचे ते दोन शब्द आठवले, मालक, आणि मी खांबाला टेकून उभा राहिलो. तिनं तो कागद टराटरा फाडला. रांगेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता एकेकीनं उखाणा घ्यायचा. उखाणा नाही, तर खोली नाही." मग धोंडुबाई पुढं आल्या, पदर खोचला, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

रेल्वे पडली बंद, स्टेशनात न्हाई दिवा,
जोतिबारावांचं नाव घेते, आता तरी खोलीत ठेवा.

काय हशा पिकला! दिवसभर रडवेली झालेली माणसं पोट धरून हसायला लागली. प्राध्यापकांना काही कळलं नाही, पण तेही हसले आणि सगळ्यांसाठी ताक मागवलं. एका दुपारात ती पोरगी चुकली, तिनंच निस्तरलं, आणि जे तिला कुठल्या कॉलेजात शिकवलं नसतं ते शिकून उठली. अनुभव मिळतो तो असा. त्याला दहा वर्षं लागतातच असं नाही, पण कुणीतरी खांबाला टेकून गप्प उभं राहावं लागतं. मला विचाराल तर ते लय अवघड काम आहे.

पुढची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. एसटीसारख्या तिकडच्या गाड्या बदलत बदलत आम्ही आलो. कुठल्या स्टँडावर पहाटे जागा मिळते ते मला ठाऊक, वाटेतल्या साहेबलोकांशी बोलायला पद्मा, आणि बंगळूरच्या पुढं मुलूख आमच्या जतकडच्या बिराप्पाचा. तो कानडीत काय बोलायचा देव जाणे, पण कंडक्टर आम्हाला पुढच्या सीटा द्यायचे. सगळी माणसं धडधाकट मिरजेला उतरली. पद्मा शहाणी आणि आम्ही अडाणी, असं मी म्हणत नाही. तिच्यातही खोड आहेच. रामेश्वराच्या देवळात तिनं भर दुपारी लोकांना उभं करून राजांची नावं आणि सनावळ्या सांगितल्या. लोक माना डोलवत होते, आणि तिला वाटलं लोकांना पटतंय. ते उभ्या उभ्या झोपले होते. सांगेन तिला मी, सुधारेल. पण पुढची खेप मिळाली तर सुधारेल ना?

राहता राहिलं एक. ते कुणी माइकवर बोललं नाही, पण चहाच्या वेळी माझ्या कानावर घातलं. अर्ध्या ऐकू येणाऱ्या कानावर घातलंत, तरी पोचलं. "सुभेदार, पोरगी कशी न्हेणार चाळीस माणसं? लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे कोण? सहलीला जाणार तुम्ही. मदुरेच्या रस्त्यावर तिच्या पाठोपाठ वसतिगृहात शिरताना तुमच्यातल्या एकानं तरी विचारलं का, की पोरगी पुढं चाललीय, आम्ही कसं यायचं? तेव्हा सगळे पळत होतात. आता घरी पंख्याखाली बसल्यावर तुम्हाला पोरगी आठवली.

आणि माझ्या घरचं मत ऐका. निवृत्तीची तारीख ठरली तेव्हा मी मंडळींना म्हणालो, आता तुला म्हैसूर दाखवतो. इतकी वर्षं मी लोकांच्या बायकांना समुद्र दाखवले, हिनं कृष्णेच्या पलीकडं पाणी बघितलं नाही. वाटलं होतं, डोळे भरून येतील. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्यासंगं? नगं. तुमी तिथंबी शिट्ट्या मारत फिरशीला आन् मी पिशव्या राखत बसंन. ती पद्मा न्हेणार असंल तर येते." तेव्हा मालक, नीट ध्यानात घ्या. तुम्ही त्या जाहिरातीतला माणूस आणलात, तर माझ्या घरची सहल रद्द. आणि उरलेलं आयुष्य मला त्या घरात काढायचंय.

म्हणून मी ठरवून आलोय. पद्मा, ते ताट ठेव आणि वर ये. लाजू नकोस. गुरुजी, थोडी वाट द्या तिला.

ही माझी शिट्टी. पलटणीतली आहे. इथं बसलेल्या प्रत्येक प्रवाशाला मी एकच नियम शिकवला. शिट्टी वाजली, की असाल तिथून उठायचं, पिशवी उचलायची आणि शिट्टीकडं यायचं. ती मला आज कपाटात ठेवायची होती. ठेवत नाही. घे. हो, माझ्या देखत वाजव.

अगं, ही काय शिट्टी झाली? चहाची किटली यापेक्षा जोरात वाजते. मदुरेला हटली नाहीस ना? मग वाजव!

अरे! अरे, बसा, बसा मंडळी! धोंडुबाई, ती पिशवी खाली ठेवा, गाडी नाही लागली अजून. वाईकर, काठी कुठं शोधता? बसा हो सगळे! मालक, बघितलंत? आख्खं सभागृह उभं राहिलं. शिट्टी कुणाच्या हातात आहे हे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

आणि मालक, तुम्ही का उभे आहात? तुम्ही तर एकाही यात्रेला आला नाहीत! आता उठलाच आहात, तर खाली बसण्याआधी एवढं सांगा. दिवाळीची खेप कुणाची? असं पुटपुटू नका, मागं ऐकू जात नाही. हा घ्या माइक.

ऐकलंत सगळ्यांनी? "पद्माची." गुरुजी, तुम्ही साक्षी आहात. आता वाजवा टाळ्या. आणि पद्मा, या टाळ्यांना तू हात लावायचा नाहीस, या तुझ्या आहेत.

झालं माझं भांडण. आता आभार. मालक, तेव्हाच्या पुढच्या खेपेबद्दल तुमचे, आणि आजच्याबद्दल त्याहून जास्त. गुरुजी, तुमच्या शब्दाला आडवा गेलो, लहान समजून माफ करा. तुम्हा प्रवाशांना पहाटे उठवलं, रांगेत उभं केलं, चहाला उशीर केला, कधी आवाज चढवला. आजही सरळ आभार मानायचे सोडून तासभर छळलं. चुकलंमाकलं पोटात घाला. सहलीला मी येईन तो मागच्या सीटवरचा प्रवासी म्हणून, आणि तोंड बंद ठेवीन. निदान म्हैसूरपर्यंत.

आणि जाता जाता, धोंडुबाईंनी घेतलं, मग मी का मागं राहू? चाळीस वर्षांत चारचौघांत कधी घेतलं नाही, ते नाव आज घेतो आणि रजा घेतो.

अठरा वर्षं देश फिरलो, वाहिलं लोकांचं सामान,
आता अंजनाशेजारी मिळाली जागा, हाच माझा मान.